जीप तीच, इंजिन दुसरे. मग गिअरबॉक्स कोणता?

पेट्रोलवरची जुनी जीप डिझेलवर करून घेतलेली आपल्याकडे अजून कुठे कुठे दिसते. त्यातली एक माझी. "जीप तीच हाय, गिअरबॉक्स कुठला बी बसतोय," या एका मिस्त्रीच्या बोलण्यावर मी जुन्या बाजारातून पेट्रोल जीपचा गिअरबॉक्स आणला आणि ऐन तोडणीत गाडी आठ दिवस जॅकवर राहिली.

गिअरबॉक्स आधी इंजिनाला जुळावा लागतो, गाडीला नंतर. इंजिनामागच्या बेल हाउसिंगची बोल्टांची भोके दोन इंजिनांत बहुधा सारखी नसतात. मध्ये पट्टी घालून ती जुळवता येतात, पण खरी गोम पुढेच आहे. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटमधून जाऊन क्रँकशाफ्टच्या टोकाच्या बुशात बसतो. पट्टी जेवढी जाड, तेवढा शाफ्ट आखूड पडतो. माझा तिथेच घात झाला. टोकाला आधार नाही, म्हणून क्लच दाबला तरी गिअर करकर वाजायचे. शेवटी बेअरिंग गेले.

हे जमले तरी चाल जमेलच असे नाही. जुन्या विलिज जातीच्या जीपला क्राऊनचे ४३ आणि पिनियनचे ८ दात, म्हणजे ५.३८ चे प्रमाण. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेते, तेव्हा टॉप गिअरला गाडी ताशी १०० कि.मी.च्या आसपास पळते. ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन २२०० फेऱ्यांवर बांधलेले असेल, तर तीच गाडी ५५ वर अडते. इंजिन ओरडते, गाडी काही सरकत नाही. क्राऊन-पिनियन ४.२७ चे घातले तर ७० च्या जवळ जाते.

मात्र फोर-व्हील जीप असेल तर पुढचे आणि मागचे दोन्ही बदला. नुसते मागचे बदलून पुढचा गिअर टाकाल, तर दोन्ही धुऱ्या एकमेकींशी भांडतात आणि डांबरी रस्त्यावर काहीतरी तुटतेच.

इंजिन बदलण्याआधी आर.टी.ओ.ची परवानगी घ्या, नाहीतर अपघातात विम्याचे वांधे होतात. आणि गिअरबॉक्स आणायला जाताना आपली क्लच प्लेट पिशवीत टाकून न्या. ती शाफ्टवर सरकवून बघा, दात बसतात का. शाफ्टची लांबी पट्टीने मोजा. दुकानदार घाई करील, करू द्या.