पोलादी पट्टीची गुंडाळी उलगडताना
ओडिशातील राउरकेला येथील कारखान्यात पोलादाचा पत्रा लांब पट्टीच्या रूपाने तयार होतो व त्याची गुंडाळी करतात. समजा, अशी एक गुंडाळी १ मीटर रुंद असून तिचा बाहेरील व्यास १.५ मीटर व आतील पोकळीचा ५०८ मिलिमीटर आहे. तिचे वजन सुमारे १२ टन भरेल. हा भार पट्टीच्या कडेवर आला, तर कड दुमडते किंवा तिला चीर पडते. पुढे साच्यात पत्रा ओढताना तेथूनच भेग पसरते.

उलगडणी-यंत्रांचे मुख्य प्रकार तीन. पाळण्यात गुंडाळी रुळांवर टेकते व तिच्या कडा बाजूच्या तक्त्यांवर घासतात. जाड पत्र्यास हे चालते. पातळ पत्र्यास नव्हे. दुसऱ्या प्रकारात दोन्ही बाजूंनी पोकळीत शंकू शिरतात. त्यांचा दाब आतील वेढ्यांच्या कडांवरच पडतो. तिसऱ्यात फुगणारा दंड पोकळीला आतून धरतो आणि कडा मोकळ्या राहतात. पातळ अथवा चकचकीत पत्र्यासाठी हाच निवडावा.

पट्टी बाजूस सरकू लागल्यास तिची कड रेटून सरळ करू नये. प्रकाशकिरणाने कडेची जागा टिपावी व तेलाच्या दाबाने गुंडाळीसह संपूर्ण दंडच सरकवावा. कड राखावयाची, तर गुंडाळी आतूनच धरली पाहिजे.