तळमजल्याच्या खोलीतील ओल

पावसाळ्यात तळमजल्याच्या खोलीत भिंतीचे पोपडे सुटतात, कपाटामागे काळी बुरशी धरते. या बुरशीमुळे दमा बळावतो. लहान मुलांना व वृद्धांना त्रास अधिक. वरून रंग मारून ओल जात नाही. आधी ती कुठून येते ते पाहा.

भिंत पुसून कोरडी करा. तिच्यावर फूटभर प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने पक्के लावा आणि ४८ तासांनी पाहा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूस पाणी दिसले, तर ओल भिंतीतून येते. पन्हळीचे पाणी जोत्यापासून दूर काढा, तुंबलेले गटार मोकळे करा, गळका नळ दुरुस्त करा. पाणी बाहेरच्या बाजूस दिसले, तर ओल खोलीतल्या हवेची आहे. कपडे आत वाळवू नका, स्वयंपाकाची वाफ बाहेर जाऊ द्या, कपाट व अंथरूण भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा.

बुरशी साबणाच्या पाण्याने पुसा. नाका-तोंडावर मास्क लावा. ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. खोकला हटत नसेल, छातीत घरघर होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि घरातील ओलीबद्दलही त्यांना सांगा.