मिठी नदीचे उगमवन

साकीनाका परिसरात येणाऱ्या भाविकांना मिठी नदी भेटते ती काळवंडलेल्या नाल्याच्या रूपात. ही नदी आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. वस्तुतः तिचा उगम येथून जवळच, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत आहे. पावसाळ्यात विहार तलाव भरून वाहू लागतो. त्याचे व पवई तलावाचे पाणी एकत्र येऊन सुमारे १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीस मिळते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठीने पात्र सोडले. त्याच दिवशी साकीनाका येथे दरड कोसळून अनेकांनी प्राण गमावले. तेव्हापासून मुंबईकर या नदीचे नाव विसरलेले नाहीत.

उगमाच्या कुशीत आरेचे रान आहे. तेथील पाड्यांवर वारली आदी आदिवासी बांधव पिढ्यानपिढ्या राहतात. त्यांचे दैवत वाघोबा. आश्विन वद्य द्वादशीस आपल्या घरी वसुबारस, तर त्यांच्याकडे वाघबारस! आपण गोमातेस ओवाळतो, ते वाघास. आणि मागणे मात्र एकच, गुरेवासरे सुखरूप राहोत. बिबट्याचा वावर येथे आजही आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी याच रानातील दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली. पुढे २०२० साली राज्य शासनाने आरेतील सुमारे ८०० एकर क्षेत्र राखीव वन करण्याचे जाहीर केले.

विहार तलाव पिण्याच्या पाण्याचा असल्याने तेथे मुक्त प्रवेश नाही. वनदर्शनासाठी भाविकांनी बोरिवलीच्या मुख्य प्रवेशद्वाराने जावे. साकीनाका स्थानकावरून मेट्रोने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानक गाठावे, तेथून गुंदवलीस गाडी बदलून ‘राष्ट्रीय उद्यान’ येथे उतरावे. सोमवारी उद्यान बंद असते. आत तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी सोबत करते. ती येथे अजून नदीसारखीच दिसते. पुढे कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या आवर्जून पाहाव्यात. बौद्ध भिक्षूंनी पावसाचे पाणी किती काटकसरीने साठविले, हे त्यांवरून उमगते.

नदीत निर्माल्य सोडू नये. पूजेसाठीदेखील पान-फूल तोडू नये. माकडांना प्रसाद देणे हे पुण्यकर्म नव्हे. त्याने ती माणसांच्या अंगावर येऊ लागतात. कारवी ८ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ व २०२४ साली ती बहरली होती. पुढील बहर २०३२ च्या सुमारास अपेक्षित आहे.