ब्राह्मी आधी की मच्छरदाणी?

परीक्षा आली की घरोघरी ब्राह्मीची आठवण होते. पण पोरी, या नावाने दोन वनस्पती विकल्या जातात. बोडीच्या काठाला ओलीत पसरते, लहान जाडसर पानांची, फिकट पांढऱ्या-जांभळ्या फुलांची, ती जलब्राह्मी. कातरल्या कडांच्या गोल पानांची ती मंडूकपर्णी, आपल्या सिरोंच्याच्या नदीपलीकडचे तेलुगू लोक तिला सरस्वती आकू म्हणतात. दोन्ही कामाच्या, पण आपण कोणती घेतो ते ठाऊक पाहिजे. नालीतली ब्राह्मी कितीही हिरवीगार दिसो, तोडू नकोस. सांडपाण्यातले जड धातू ती शोषून घेते. जेवणानंतर दुधातून घे, उपाशीपोटी पोट ढवळतं. आदल्या रात्री घेऊन पेपर सोपा जात नाही. तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा तीनेक महिने रोज दिल्यावर आठवणीत फरक दिसला, तोही थोडाच.

आठवणीसाठीच घेतलं जाणारं मालकांगोणीचं तेल उष्ण. थेंबांनी मोजायचं, चमच्याने नाही, आणि गरोदर बाईला मुळीच नाही.

वेखंडाची मुळी उगाळून बाळाला चाटवायची रीत आपल्याकडे आहे. ती सोड. जास्त गेली की उलट्या होतात, आणि बाळाला 'जास्त' म्हणजे किती, हे सहाणेवर कोण मोजणार?

सर्पगंधेला तर हातच लावू नकोस. मुळी खरी गुणाची आहे: मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरचा तिचा गुण इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. पण तीच मुळी मन खचवते, रक्तदाब नको तितका खाली आणते. झोप येत नाही म्हणून कोणी दिली तर परत कर. खाजकुइलीचंही जपून. कंपवाताच्या गोळीत असतं तेच द्रव्य तिच्या बीत आहे, म्हणून गोळी चालू असलेल्याने वर बियांची पूड घेऊ नये.

आता ताटातलं. धान निघाल्यावर बांधीत लाखोळी पेरतात. तिच्यात मज्जातंतूंना मारक विष असतं. कधीमधी खाल्लेली डाळ बाधत नाही, पण दुष्काळात दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय ताठतात आणि ते पुन्हा सैल होत नाहीत. विष पाण्यात उतरतं. डाळ गरम पाण्यात भिजव, ते पाणी फेक, मग भरपूर पाण्यात शिजवून तेही ओतून दे. जुन्या बाया हे करत. आता घाईत कुकरला लावतात, ते मला पटत नाही.

एवढं सगळं सांगून माझं मत विचारशील तर सिरोंच्यात मेंदू राखणारी पहिली वस्तू मच्छरदाणी. आपल्या जिल्ह्यातला मलेरिया मेंदूत चढू शकतो. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिचा दंश कळतही नाही, सकाळी पापण्या जड होतात. खाटेवर झोप आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोच. दोन्ही वैरी बाहेर राहतात.

ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडून रक्त तपासून घे. तापात बरळणं, झटका, किंवा पापण्या मिटू लागणं, यातलं काही दिसलं तर कोणतीही मुळी उगाळत बसू नकोस, पुजाऱ्याकडेही जाऊ नकोस. थेट ग्रामीण रुग्णालय गाठ. पावसाळ्यात नाले भरून रस्ते बंद होतात, म्हणून उजाडायची वाट पाहू नकोस.