दोन ग्राफिक्स कार्डांसाठी मदरबोर्ड कोणता?

प्रश्न : गेमिंगसाठी दोन ग्राफिक्स कार्डे लावायची आहेत. मदरबोर्ड कोणता घ्यावा?
– एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशीम

उत्तर : केवळ गेम खेळायचे असतील, तर दुसऱ्या कार्डाचा खर्च करू नका. दोन कार्डे जोडून गेम चालवण्याची एनव्हिडियाची 'एसएलआय' पद्धत आता मागे पडली आहे. २०२१ पासून तिच्यासाठी नवे ड्रायव्हर प्रोफाइल येत नाहीत आणि तिच्या आरटीएक्स ४०९० कार्डाला जोडणीचा कनेक्टरच नाही. त्याच पैशांत एकच दमदार कार्ड घ्या.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंगही करणार असाल, तर मात्र दोन कार्डे उपयोगी पडतात. पण जोडणीचा कनेक्टर नसेल, तर त्यांची मेमरी एकत्र होत नाही. अशा वेळी मदरबोर्डच्या मॅन्युअलमधला स्लॉटचा तक्ता वाचा. दोन्ही स्लॉट प्रोसेसरला जोडलेले आणि 'एक्स ८ / एक्स ८' असे, म्हणजे डेटाच्या लेन आठ-आठ विभागून घेणारे हवेत. अनेक बोर्डांवर दुसरा स्लॉट दिसतो लांब, पण चिपसेटमार्फत चारच लेन देतो. कार्डे जाड असतात, म्हणून दोन्ही स्लॉटमधले अंतरही मोजा. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. चिकटून बसलेली कार्डे तापतात आणि वेग मंदावतो.