निरोगी बालकाची लस

आजारी माणसाला औषध देताना थोडा धोका पत्करावा लागतो. कारण औषध न दिल्यास होणारी हानी अधिक असते. लशीचे तसे नाही. ती निरोगी बालकाला दिली जाते. म्हणूनच तिच्या सुरक्षिततेची कसोटी अधिक कठोर असते. रोटाव्हायरसवरील लशींचा इतिहास हेच सांगतो.

रोटाव्हायरस हा विषाणू १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. लहान बालकांच्या तीव्र अतिसाराचे तो एक प्रमुख कारण आहे. उलट्या व जुलाब यांमुळे शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात. वेळीच जलसंजीवनी व उपचार न मिळाल्यास बालक दगावू शकते.

१९९८ मध्ये अमेरिकेत ‘रोटाशील्ड’ या लशीला परवानगी मिळाली. परंतु लस घेतलेल्या काही बालकांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकल्याचे आढळले. हे प्रमाण अंदाजे दहा हजारांत एक इतके होते. १९९९ मध्ये लस मागे घेण्यात आली. इतका विरळ दुष्परिणाम काही हजार बालकांच्या चाचणीत ठळकपणे दिसत नाही. म्हणून ‘रोटारिक्स’ व ‘रोटाटेक’ या पुढील लशींच्या चाचण्यांत प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बालके घेण्यात आली. त्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतीय लशीचे बीज दिल्लीत सापडले. १९८०च्या दशकात डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील काही नवजात बालकांत हा विषाणू आढळला. मात्र ती बालके आजारी पडली नव्हती. त्या सौम्य विषाणूपासून ‘रोटाव्हॅक’ ही लस तयार झाली.

अशा लशीची चाचणी टप्प्याटप्प्याने होते: आधी प्रौढ, मग मोठी मुले आणि शेवटी तान्ही बालके. लशीपूर्वी व लशीनंतर रक्त तपासून प्रतिपिंडे किती वाढली, हे पाहिले जाते. पण रक्तातील वाढ म्हणजे प्रत्यक्ष संरक्षण नव्हे. ते मोजण्यासाठी २०११ पासून दिल्ली, पुणे व वेल्लोर येथे ६,७९९ बालकांवर चाचणी झाली. दोन तृतीयांश बालकांना लस आणि उरलेल्यांना तसेच दिसणारे, पण लस नसलेले द्रव तोंडावाटे देण्यात आले. कोणाला काय मिळाले, हे पालकांना किंवा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. पहिल्या वर्षात रोटाव्हायरसचा तीव्र अतिसार लस घेतलेल्यांत सुमारे ५६ टक्क्यांनी कमी आढळला.

२०१६ पासून रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली. तरीही तपासणी थांबली नाही. कारण ६,७९९ बालकांच्या चाचणीत दहा हजारांत एकदा घडणारी गोष्ट निसटू शकते. अनेक रुग्णालयांत आतडे अडकलेल्या बालकांची नोंद ठेवण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लशीशी त्या आजाराचा संबंध आढळला नाही.

लशीवरचा विश्वास आग्रहाने निर्माण होत नाही. दुष्परिणाम दिसताच लस मागे घेण्याची आणि वापर सुरू झाल्यावरही नोंदी ठेवण्याची तयारी त्यामागे असावी लागते.

पाठगत प्रश्न
१. लशीची कसोटी औषधापेक्षा कठोर का असते?
२. चाचणीनंतरही नोंदी ठेवणे का आवश्यक ठरले?