बिलावर साल लिहून घ्या

द्राक्षाचे पैसे नुकतेच हातात आले होते आणि दलालाला ते कुणीतरी आधीच सांगितलं होतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. पलूसला घरी येऊन त्याने टेबलावर पितळी स्केलेटन घड्याळ ठेवलं. वर काचेचा घुमट, खाली संगमरवर, तबकडीच्या जागी नुसतं आकड्यांचं कडं, त्यामुळे आतलं चाक न् चाक दिसत होतं. ‘1860 चं इंग्लिश आहे, औंध सरकारच्या वाड्यातलं,’ म्हणाला. आमचा कुंडल भाग औंध संस्थानातला. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली तीही औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर. ते नाव घेतलं की इथला माणूस विरघळतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर ‘लंडनचं गिऱ्हाईक थांबलंय’ हेही सांगून झालं. मी 85 हजार रोख मोजले.

मी काही नवखा नव्हतो. वीस वर्षं टोल्याची घड्याळं जमवतोय. 2019 च्या महापुरात भिलवडीला मामांच्या घरी गाळात बुडालेलं घड्याळ मी स्वतः उघडून, धुऊन चालू केलंय. पण ती सगळी भिंतीवरची. स्केलेटन पहिल्यांदाच हातात आलं होतं.

चार महिन्यांत ते बंद पडलं. शेजारचे अण्णा आयुष्यभर टूलरूममध्ये राबलेले. त्यांनी मागच्या प्लेटचा एक स्क्रू काढला आणि आट्यांच्या गेजची पानं एकेक करून लावायला सुरुवात केली. 0.7 चं पान असं बसलं की मधून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. ‘हा एम फोर आहे रे. मेट्रिक. 1860 च्या इंग्रजाकडं हा कुठला?’ दुसरा काढला, तोही तसाच. एखादा स्क्रू कुणी नंतर बदलला असेल, म्हणून मी खांबातले आटे बघायला सांगितले. तेही तेच. अण्णा पुढे काही बोलले नाहीत, स्क्रू वाटीत ठेवून त्यांनी हात पुसले.

मी दलालाला फोन लावला. ‘काका, ॲन्टिक मालात परत घेत नसतात. तुम्हीच बघून घेतलंत की!’ बिल काढून बघितलं तर त्यावर एवढंच: ‘पितळी घड्याळ, 1 नग’. साल नाही, इंग्लिश नाही, औंध तर नाहीच. नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण ते ‘तुम्हीच’ अजून डोक्यातून जात नाही. त्याने सांगितलं म्हणून मी घेतलं होतं.

जुनं घड्याळ घेणार असाल तर बिलावर अंदाजे साल आणि ‘मूळ यंत्रणा’ हे शब्द विकणाऱ्याच्याच अक्षरात घ्या. तो कां-कूं करू लागला तर उठा. दोन-चार स्क्रू समोर काढायला लावा, शक्यतो टर्नर किंवा टूलरूमचा माणूस सोबत न्या. स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच दिसली तर पुढे बोलूच नका, ती पद्धत 1930 च्या दशकातली. स्प्रिंगचा जोर एकसारखा मिळावा म्हणून इंग्लिश स्केलेटनमध्ये शंकूसारखी फ्यूझी आणि तिच्यावर बारीक साखळी असते. ती बघून भुलू नका, माझ्या घड्याळातही आहे. घाई करू नका. जुन्या पितळेला ब्रासो लावू नका, कोरीव अक्षरं झिजतात. आणि लंडनच्या गिऱ्हाइकाचं नाव घेतलं तर ओळखा: 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर त्याला दारातूनच परत पाठवला असता.

अण्णांनी घड्याळ चालू करून दिलंय. मी त्याला दर रविवारी चावी देतो. एक स्क्रू मात्र परत बसवलेला नाही, तो बिलासोबत पाकिटात ठेवलाय.